तेल, तूप, बांगडा आणि शरीरातला दाह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जीवरसायनशास्त्र शिकवते. वर्गात लिपिडचं, म्हणजे तेल-तूप-चरबीचं, प्रकरण सुरू झालं की मुलं पेंगतात. लग्नाच्या पंगतीत मात्र शेजारच्या पाहुण्यांना माझा विषय कळला की भात थंड होईस्तोवर प्रश्न संपत नाहीत. खालचे बरेचसे प्रश्न अशाच पंगतींतले आहेत.

दाह म्हणजे सूजच ना? मग ती जितकी कमी तितकं बरं?

मागे एकदा बांगडे साफ करताना विळीचं पातं माझ्या बोटात गेलं. रक्त थांबेपर्यंत बोटाचं टोक लाल झालं होतं, गरम लागत होतं, सुजलं होतं आणि ठणकत होतं. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही चार लक्षणं रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच लिहून ठेवली आहेत. जखमेच्या ठिकाणी आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. मागून मॅक्रोफेज येतात, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मोठ्या भक्षक पेशी. त्या मैदान साफ करतात, कामं आटोपलेल्या न्यूट्रोफिलनाही गिळतात आणि दुरुस्तीची सूत्रं हलवतात. चौथ्या दिवशी बोट जवळपास पूर्ववत झालं. हा सगळा खटाटोप झाला नसता तर जंतू पसरू शकले असते.

तेव्हा दाह हवाच. पंचाईत होते ती वेळेवर न विझणाऱ्या दाहाची. सांध्यात, रक्तवाहिनीच्या भिंतीत, यकृतात, पोटाच्या चरबीत तो वर्षानुवर्षं मंद आचेवर धुमसत राहतो, ठणकत नाही आणि दिसतही नाही. या पानावर ‘दाह’ म्हणजे इन्फ्लमेशन. आम्लपित्ताची जळजळ ही वेगळी गोष्ट.

मेदाम्लं म्हणजे काय? तेल पातळ आणि तूप घट्ट, एवढाच फरक?

फरक तिथूनच सुरू होतो. फॅटी ॲसिड, म्हणजे मेदाम्ल, ही कार्बनच्या अणूंची साखळी असते. साखळीत एकही दुहेरी बंध नसेल तर ते संपृक्त. अशा साखळ्या सरळ असतात आणि अगरबत्त्यांसारख्या चिकटून बसतात, म्हणून थंडीत तूप थिजतं. दुहेरी बंध आला की साखळीला कोपर फुटतो आणि रचना सैल होते. एक कोपर असेल तर एकअसंपृक्त (शेंगदाणा तेलातलं ओलेइक), दोन किंवा जास्त असतील तर बहुअसंपृक्त. बहुअसंपृक्तात पुन्हा दोन घराणी आहेत, ओमेगा-६ आणि ओमेगा-३. शेपटाच्या टोकापासून पहिला दुहेरी बंध कितव्या कार्बनवर आहे, त्यावरून ही नावं पडली.

क्रिकेटची नवी बॅट घेतल्यावर तिला जवसाचं तेल का लावतात? जवसात ओमेगा-३ घराण्यातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल भरपूर असतं. त्याचे तीन दुहेरी बंध हवेतला ऑक्सिजन पकडतात आणि तेल लाकडावर वाळून पातळ थर धरतं. चित्रकारांच्या तैलरंगांतही याच गुणासाठी ते वापरतात. बॅटवर उपयोगी पडणारी ही चंचल रचनाच पेशीच्या आवरणाला लवचीक ठेवते, आणि बरणीतल्या जवसाच्या पुडीला खवटही करते. त्याबद्दल शेवटी सांगते.

यातली दोन मेदाम्लं आपलं शरीर बनवूच शकत नाही: ओमेगा-६ मधलं लिनोलेइक आणि ओमेगा-३ मधलं अल्फा-लिनोलेनिक. हे कळू लागलं ते १९२९ मध्ये, जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकी दांपत्यामुळे. त्यांनी उंदरांना चरबी पूर्ण वगळलेलं खाणं दिलं. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले धरले. आहारात थोडं लिनोलेइक आलं आणि ते सुधारले.

मी खाल्लेलं तेल पांढऱ्या पेशींपर्यंत जातं तरी कसं?

आतड्यातून शोषलं जातं, रक्तातून फिरतं आणि पेशीपटलात, म्हणजे पेशीच्या बाहेरच्या आवरणात, जाऊन बसतं. हे आवरण मुळात मेदाम्लांचंच विणलेलं आहे. अस्थिमज्जेत नव्या पेशी सतत तयार होत असतात आणि त्या वेळी रक्तात जो माल उपलब्ध असेल तो वापरला जातो. घराचं बांधकाम चालू असताना ज्या भट्टीची वीट येईल ती भिंतीत बसते, तसंच.

नेहमीचा आहार घेणाऱ्या माणसाच्या पांढऱ्या पेशींत साधारण १५ ते २० टक्के मेदाम्ल अराकिडोनिक आम्ल असतं. हे लिनोलेइकपासून बनतं आणि मांस-अंड्यातून थेटही मिळतं. ईपीए आणि डीएचए ही माशांतून येणारी, लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्लं. त्यांतलं ईपीए जेमतेम १ टक्का आणि डीएचए २-३ टक्के असतं. मासळीचं तेल सुरू केलं की काही आठवड्यांत ईपीए-डीएचए वाढतात आणि ती जागा बऱ्याच अंशी अराकिडोनिककडूनच घेतात. पुढचं सगळं या जागांच्या भांडणावर उभं आहे.

आवरणात बसलेलं मेदाम्ल दाहात भाग घेतं म्हणजे काय करतं?

पेशीला धोक्याचा इशारा मिळाला की एक एन्झाइम आवरणातून अराकिडोनिक आम्ल कापून मोकळं करतं. पुढे दोन वाटा आहेत. कॉक्स नावाच्या एन्झाइमकडे गेलं तर प्रोस्टाग्लँडिन बनतात: ताप चढतो, रक्तवाहिन्या पसरतात, वेदना तीव्र होते. लॉक्स या दुसऱ्या एन्झाइमकडे गेलं तर ल्युकोट्राइन बनतात. त्यांतला बी-४ हा न्यूट्रोफिलना ‘इकडे या’ म्हणून बोलावणारा जबरदस्त निरोप आहे, तर त्याची काही भावंडं दम्यात श्वासनळ्या आवळतात.

ॲस्पिरिनची गोळी काय करते, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं: ती कॉक्सची वाट अडवते. त्यांना आणि प्रोस्टाग्लँडिनचं रसायन उलगडणाऱ्या बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन या स्वीडिश शास्त्रज्ञांना १९८२ चं नोबेल मिळालं. डोकं दुखतं म्हणून आपण घेतो ती गोळी कालपरवाच्या जेवणातल्या तेलाच्या एका वंशजाला अडवत असते. वर्गात हे वाक्य बोलले की पेंगणारी एक-दोन मुलं तरी वर बघतात.

मग ओमेगा-३ ने नेमकं काय बदलतं?

तीन गोष्टी बदलतात, आणि त्या सगळ्यांचा पुरावा सारखा भक्कम नाही.

पहिली गोष्ट सरळ आहे. ईपीए त्याच कॉक्स-लॉक्समधून जातं, पण निघणारा माल सौम्य असतो. ईपीएपासून बनलेला ल्युकोट्राइन बी-५ हा अराकिडोनिकच्या बी-४ पेक्षा न्यूट्रोफिलना बोलावण्यात १० ते १०० पटींनी कमजोर असतो. ईपीए शिवाय एन्झाइमची जागाही अडवून ठेवतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मॅक्रोफेज आणि चरबीच्या पेशी यांच्यावर जीपीआर-१२० नावाचा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे बाहेरचा निरोप पकडणारं प्रथिन, असतो. डीएचए त्याला चिकटलं की पेशीतले दाहाचे काही संदेश दबतात. हे २०१० मध्ये उंदरांत आणि पेशींच्या संवर्धनात, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत, दाखवलं गेलं.

तिसरी गोष्ट ‘विझवण्या’ची. दाह आपोआप ओसरतो असं पूर्वी धरलं जायचं. बॉस्टनमधल्या चार्ल्स सेरहान यांच्या गटाने २००० च्या सुमारास दाखवलं की ओसरण्यासाठीही वेगळे निरोप जातात. ईपीए आणि डीएचएपासून बनणाऱ्या या रेणूंना त्यांनी रिझॉल्व्हिन म्हटलं. ते न्यूट्रोफिलना थांबवतात आणि मॅक्रोफेजला साफसफाईला लावतात. कल्पना मोठी देखणी आहे. मात्र माणसाच्या रक्तात हे रेणू इतके अत्यल्प असतात की ते नीट मोजता येतात का, यावरून शास्त्रज्ञांत अजून जुंपलेली आहे.

या विषयातला माझा आवडता प्रयोग १९८९ चा. नऊ निरोगी स्वयंसेवकांना सहा आठवडे रोज १८ ग्रॅम मासळीचं तेल दिलं, मग त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून जीवाणूंच्या विषाने डिवचल्या. इंटरल्यूकिन-१ बीटा या दाहाच्या संदेशकाचं उत्पादन ४३ टक्क्यांनी घटलेलं निघालं. गंमत पुढे आहे. तेल बंद करून दहा आठवडे झाले तरी ते वाढायच्या ऐवजी आणखी घसरून ६१ टक्क्यांनी कमी झालं होतं आणि पूर्वपदावर यायला २० आठवडे लागले. १८ ग्रॅम म्हणजे अर्थातच घरात कोणी घेत नाही एवढा डोस.

म्हणजे ओमेगा-६ वाईट. सूर्यफूल, करडई, सोयाबीन तेल बंद करू का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही: नको.

तर्क असा लावतात की लिनोलेइकपासून अराकिडोनिक, अराकिडोनिकपासून प्रोस्टाग्लँडिन आणि प्रोस्टाग्लँडिनपासून दाह, म्हणून लिनोलेइक जास्त तर दाह जास्त. कागदावर हे बिनतोड दिसतं. प्रत्यक्षात माणसांवर प्रयोग करून पाहिलं तर आहारातलं लिनोलेइक वाढवूनही शरीरातलं अराकिडोनिक फारसं हलत नाही, कारण हे रूपांतर शरीर घट्ट लगामात ठेवतं. रक्तातले दाहाचे निर्देशकही वाढत नाहीत. निरोगी प्रौढांवरच्या १५ चाचण्या एकत्र तपासणारा आढावा २०१२ मध्ये आला आणि त्याचा निष्कर्ष हाच होता.

शिवाय अराकिडोनिक हा एकजात खलनायक नाही. त्यापासूनच लिपॉक्सिन बनतात आणि तेही दाह विझवणारे आहेत. प्रोस्टाग्लँडिन ई-२ एकीकडे ताप आणतो आणि दुसरीकडे काही दाहक संदेशकांना लगामही घालतो.

त्यामुळे ‘ओमेगा-६ आणि ओमेगा-३ चं गुणोत्तर अमुक इतकंच हवं’ असं छातीठोकपणे सांगणारे व्हॉट्सॲप संदेश मी पुढे ढकलत नाही. गुणोत्तर सुधारायचे दोन मार्ग आहेत. एक, ओमेगा-६ कमी करा. दोन, ओमेगा-३ वाढवा. फायद्याचा पुरावा बहुतांशी दुसऱ्या मार्गाचा आहे. जुन्या वाणाच्या करडई तेलात ७० टक्क्यांहून अधिक लिनोलेइक असतं आणि ओमेगा-३ जवळपास शून्य. घरात फक्त तेच तेल असेल तर अडचण करडईची नाही, ताटात दुसरीकडून ओमेगा-३ येत नाही ही आहे.

तूप-लोणी-पाम तेलातली संपृक्त चरबी मॅक्रोफेजला भडकवते, हे खरं?

इथे एक सुरस कथा आहे, थोडी सविस्तर सांगते.

मॅक्रोफेजच्या अंगावर टीएलआर-४ नावाचा पहारेकरी असतो. जीवाणूंच्या आवरणातला एक विषारी घटक दिसला की तो घंटा वाजवतो. त्या घटकाच्या शेपट्या असतात संपृक्त मेदाम्लांच्या, लॉरिक आणि मिरिस्टिकच्या. २००१ च्या सुमारास प्रयोगशाळांत दिसलं की नुसती संपृक्त मेदाम्लं टाकली तरी हीच घंटा वाजते. निष्कर्ष झटपट निघाला: पहारेकरी लोण्याला जीवाणू समजतो! पुढची पंधरा-सोळा वर्षं ही गोष्ट व्याख्यानांत आणि पाठ्यपुस्तकांत फिरली. मीही शिकवली.

शंका होत्याच. प्रयोगात मेदाम्लं ज्या प्रथिनात मिसळून देतात, त्या प्रथिनातच जीवाणूंच्या विषाचा अंश मिसळलेला असू शकतो, मग घंटा कोणी वाजवली हे कसं ठरवायचं? शेवटी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने दाखवलं की पामिटिक आम्ल (पाम तेलात, लोण्यात भरपूर असणारं संपृक्त मेदाम्ल) टीएलआर-४ ला चिकटतच नाही. पण पहारेकऱ्याला आधी जीवाणूची कुणकुण लागली असेल तर मॅक्रोफेजचा अंतर्गत कारभार बदलतो, आणि मग तेच पामिटिक आम्ल आत जाऊन दाह पेटवतं. थोडक्यात, लोणी काडी ओढत नाही. काडी आधीच ओढलेली असेल तर ते तेल ओततं. दुसऱ्या वर्षाच्या नोट्स मी त्या उन्हाळ्यात नव्याने लिहिल्या.

हे झालं पेशींचं. माणसांत काय दिसतं? स्वीडनमधल्या उप्सालात ३९ सडपातळ तरुणांना सात आठवडे रोज नेहमीच्या जेवणाशिवाय जादा मफिन खाऊ घातले. एका गटाचे पाम तेलातले, दुसऱ्याचे सूर्यफूल तेलातले. वजन दोघांचं सारखंच वाढलं. मात्र यकृतात आणि पोटाच्या आत साठलेली चरबी पाम तेलवाल्यांत बरीच जास्त निघाली. ही बातमी दाहासाठी महत्त्वाची आहे, कारण पोटातली चरबी हे निव्वळ कोठार नसतं. लठ्ठपणात तिथे मॅक्रोफेजची गर्दी होते, फुगून मेलेल्या चरबीपेशीभोवती त्या कोंडाळं करून बसतात आणि दाहाचे संदेश रक्तात सोडत राहतात. चमचाभर तूप कोणाला भडकवत नाही. ताटातल्या एकूण उष्मांकांचा आणि पोटाच्या घेराचा हिशेब त्याहून कितीतरी मोठा आहे.

पण तुपात ब्युटिरिक आम्ल असतं आणि ते आतड्याचा दाह कमी करतं ना?

असतं, आणि करतंही. तरी हिशेब मांडून बघू.

ब्युटिरिक हे चारच कार्बनचं इवलंसं मेदाम्ल. आतड्यातल्या पेशींचं ते इंधन आहे. २०१३ मध्ये लागोपाठ आलेल्या शोधनिबंधांत दिसलं की अशी लघुशृंखल मेदाम्लं उंदरांच्या मोठ्या आतड्यात नियामक टी पेशी वाढवतात. टी पेशी या पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार. त्यांतल्या नियामक पेशी म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या समजूतदार वडीलधाऱ्या. ‘पुरे आता’ असं बाकीच्यांना सांगणं हे त्यांचं काम.

दुधाच्या चरबीत ब्युटिरिक असतं वजनाने साधारण ३ ते ४ टक्के. पाच ग्रॅम तुपाच्या चमच्यात फार तर २०० मिलिग्रॅम, आणि तेही लहान आतड्यातच शोषलं जातं. मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचायला काही उरत नाही. तिथलं ब्युटिरिक तिथेच बनतं. आपल्याला न पचलेल्या तंतूंवर, म्हणजे ज्वारीच्या भाकरीतल्या, मटकीच्या उसळीतल्या, मेथीतल्या चोथ्यावर जीवाणू ताव मारतात आणि ते तयार करतात. रोज काही ग्रॅम. भाकरीवर तूप जरूर घ्या. त्यातलं ब्युटिरिकचं श्रेय मात्र भाकरीला द्या.

खोबरेल तेलाचं काय?

त्यात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं, म्हणजे ते संपृक्तच. ‘लॉरिकमुळे प्रतिकारशक्ती वाढते’ हा दावा परीक्षानळीतल्या जंतूंवरच्या प्रयोगांतून आलेला आहे, ताटातल्या खोबरेलाने माणसाचे आजार कमी झाले असं त्यातून सिद्ध होत नाही. कोकणातला, गोव्यातला माणूस नारळ सोडणार नाही, मीही सोडलेला नाही. चवीसाठी खावा, औषध म्हणून नको.

आम्ही शाकाहारी. जवस खाल्लं तर पुरतं का?

थोडंफार. जवसातलं अल्फा-लिनोलेनिक शरीराला ईपीए आणि डीएचएमध्ये रूपांतरित करावं लागतं. ईपीए होतं काही टक्केच, डीएचए बहुधा एका टक्क्याहूनही कमी. तरुण स्त्रियांत हे रूपांतर पुरुषांपेक्षा बरं होतं. वर, ज्या एन्झाइमांवर ही वाट आहे त्याच एन्झाइमांसाठी लिनोलेइकही रांगेत उभं असतं. सगळं घर करडई-सूर्यफुलावर असेल तर जवसाचा नंबर उशिरा लागतो.

इथे पुण्याचा संबंध येतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रामुख्याने शाकाहारी असलेले २३४ भारतीय होते, नमुने पुण्याकडचे, आणि तुलनेला ३११ अमेरिकी. एफएडीएस-२ या जनुकाजवळ डीएनएचा एक छोटा जादा तुकडा असलेले लोक वनस्पतींतल्या मेदाम्लांपासून लांब साखळीची मेदाम्लं जास्त सफाईने बनवतात. जनुकाच्या दोन्ही प्रतींत (आईकडची आणि वडिलांकडची) हा तुकडा असणारे भारतीयांत ६८ टक्के निघाले आणि अमेरिकींत १८ टक्के. मांस-मासे नसलेल्या आहारावर पिढ्यान्पिढ्या जगताना हा तुकडा निवडला गेला असावा.

काही वर्तमानपत्रांनी याचा मथळा केला: ‘शाकाहाराने कर्करोग’. अभ्यासात कर्करोग मोजलाच नव्हता. त्यातली खरी मेख वेगळी आहे. हे सफाईदार यंत्र ओमेगा-६ आणि ओमेगा-३ दोन्हींवर चालतं. नुसतं लिनोलेइकच घातलं तर अराकिडोनिकच जोमाने बनेल. ओमेगा-६ बद्दलच्या उत्तरातल्या बहुतेक चाचण्या पाश्चात्त्य लोकांवरच्या आहेत, म्हणून आपल्याकडे तो प्रश्न पुरता मिटला असं मी म्हणत नाही. पण उपाय तोच राहतो. विदर्भ-मराठवाड्यातली जवसाची चटणी रोज ताटात असावी, थोडं तेल मोहरीचं किंवा सोयाबीनचं असावं, आक्रोड परवडत असतील तर तेही. चमचाभर जवसाच्या पुडीत दीड ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक मिळतं. दाणे अख्खे गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात. कारळाच्या चटणीत मात्र ओमेगा-३ शोधू नका, कारळं मुख्यतः लिनोलेइकचीच.

थेट डीएचए हवं असेल तर समुद्री शैवालापासून काढलेलं तेल मिळतं. मासेही ते शेवटी शैवालातूनच मिळवतात.

मासे खाणाऱ्यांनी कोणते खावेत? पापलेट की सुरमई?

तारली. नाहीतर बांगडा. ताटात मान कमी असलेले हे मासेच यात वरचढ आहेत. दोघांच्या अंगातच चरबी मुरलेली असते, आणि ती हंगामाप्रमाणे कमी-जास्त होते. चरबी धरलेल्या तारल्यात १०० ग्रॅममागे ईपीए-डीएचए मिळून ग्रॅमभर किंवा जास्तही मिळतं. भाव चढा म्हणून ओमेगा-३ चढं, असा बाजाराचा नियम नाही. आठवड्यातून दोनदा पुरे. तव्यावर रव्यात घोळवून खरपूस तळलं की माशाची चरबी थोडी तेलात उतरते आणि तेल माशात शिरतं. तिरफळं घातलेलं तिखलं केलं तर सुटलेली चरबी रश्श्यात राहते, आणि रस्सा आपण काही ताटात सोडत नाही.

टी पेशींवरही परिणाम होतो का?

होतो, पण इथे सावधपणे बोलावं लागतं. डिवचलेली टी पेशी झपाट्याने वाढते तेव्हा मुख्यतः साखर जाळते. स्मृती टी पेशी, म्हणजे जुना जंतू लक्षात ठेवणाऱ्या, आणि नियामक टी पेशी चरबी जाळण्यावर जास्त विसंबतात. यावरून ‘चरबी खा, स्मृती पेशी वाढवा’ असा अर्थ काढणारे भेटतात. गंमत अशी की उंदरांतल्या स्मृती टी पेशी साखरेपासून स्वतःच चरबी बनवतात आणि मग तीच जाळतात. ताटातलं तूप थेट तिथे पोहोचतं असं नाही. डीएचए टी पेशीच्या आवरणातले संदेश घेणारे ठिपके विस्कटतं आणि पेशी थोडी मंदावते, हेही प्रामुख्याने उंदरांतलं आणि संवर्धनातलं ज्ञान आहे.

मला सांधेदुखीचा आजार आहे. फिश ऑइलच्या कॅप्सूल घेऊ का?

संधिवाताभ, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असेल तर विचार करण्यासारखं आहे. सकाळचा ताठरपणा आणि दुखरे सांधे कमी होतात, वेदनाशामक गोळ्या घटतात, असं अनेक चाचण्यांत दिसलंय. मात्र डोस रोज सुमारे ३ ग्रॅम ईपीए-डीएचए, आणि फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. मूळ औषधं बंद करायची नाहीत.

आता बाटलीची मागची बाजू वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत ‘१००० मिग्रॅ’ असतं, ते तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरांत बहुधा ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे मिळून ३००. तीन ग्रॅमसाठी अशा दहा कॅप्सूल झाल्या. रोज एक घेऊन ‘काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्या काकूंची तक्रार रास्त आहे, फक्त दोष माशाचा नाही.

निरोगी माणसाने ‘असू दे’ म्हणून घ्यावी का? अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत २५,८७१ लोकांनी सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ रोज एक ग्रॅम ओमेगा-३ किंवा दिसायला तशीच पण बिनकामाची कॅप्सूल घेतली. हृदयविकार-पक्षाघात यांचा एकत्रित आकडा लक्षणीय घटला नाही. स्वप्रतिकार आजार (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते ते) १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण हा फरक योगायोगाच्या कक्षेतलाच होता. मोठ्या डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका वाढतो हेही वेगवेगळ्या चाचण्यांत दिसलंय. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

गरोदरपणात घेतलं तर बाळाला दमा होत नाही म्हणतात?

कोपनहेगनमध्ये ७३६ गर्भवतींना शेवटच्या तिमाहीत रोज २.४ ग्रॅम ओमेगा-३ किंवा ऑलिव्ह तेल दिलं. निकाल २०१६ मध्ये आले. मुलांत सततची घरघर किंवा दमा २३.७ टक्क्यांवरून १६.९ टक्क्यांवर आला. फायदा मुख्यतः त्या मुलांना, ज्यांच्या आयांच्या रक्तात आधी ईपीए-डीएचए कमी होतं. मासे नियमित खाणाऱ्या मालवणच्या बाईला आणि कधीच न खाणाऱ्या बाईला एकच सल्ला का देऊ नये, ते यातून कळतं. डोस स्वतः ठरवू नये.

दाह दाबला तर जंतूंना मोकळं रान मिळणार नाही?

रास्त शंका. भरपूर मासळीचं तेल खाणाऱ्या उंदरांना लिस्टेरिया या जीवाणूचा संसर्ग केला तर ते जास्त लवकर हरतात. ताटातल्या दोन तारल्यांनी माणसाचं असं काही होत नाही. ‘जितकं जास्त तितकं बरं’ एवढं मात्र यात लागू नाही.

वनस्पती तूप, बेकरीची खारी, वड्याचं तेल?

तेलात हायड्रोजन घालून घट्ट करताना ट्रान्स मेदाम्लं बनतात. त्यांची बाजू घेणारा मला कोणी भेटलेला नाही. ती जास्त खाणाऱ्यांत दाहाचे निर्देशक चढलेले दिसतात, कोलेस्टेरॉलचं बिघडतं ते वेगळंच. जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेल-चरबीत यांची मर्यादा २ टक्के आहे. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात वेगळीच घाण जमते. तिच्यासाठीही नियम आहे: ध्रुवीय संयुगं (तेल तापून तापून बिघडताना त्यात साठणारे पदार्थ) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल टाकायचं. वडेवाल्याकडे ते मोजायचं यंत्र नसतं. तेल काळपट, दाट आणि फेसाळ दिसलं तर मी चहा घेऊन पुढे जाते.

अंगात दाह आहे की नाही हे रक्त तपासून कळतं?

एचएस-सीआरपी ही तपासणी आहे. दाह असला की रक्तात वाढणारं सीआरपी हे प्रथिन ती मोजते. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर हृदयविकाराच्या दृष्टीने धोका कमी, ३ च्या वर असेल तर जास्त धरतात. १० च्या वर गेला तर आधी सर्दी-ताप, दाढेचा गळू असं काही चालू नाही ना ते बघायचं आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. तांबड्या पेशींतलं ईपीए-डीएचए मोजणारी ओमेगा-३ इंडेक्स ही तपासणीही असते. ८ टक्क्यांच्या वर उत्तम, ४ च्या खाली कमी. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा गेल्या तीन-चार महिन्यांचं जेवण सांगतो. तपासणीच्या आदल्या रात्री बांगडा खाऊन फसवता येत नाही.

जवसाची चटणी किती दिवस टिकते?

बॅटवर तेल वाळतं तेच बरणीत सुरू होतं. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार होऊ द्या, मग लसूण-मिरची-मीठ घालून कुटा. एका वेळी आठवड्याची करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा. अख्खं जवस कोरड्या डब्यात महिनोन् महिने राहतं, कारण सालीने तेल झाकलेलं असतं. झाकण उघडल्यावर नव्या रंगवलेल्या दारासारखा वास आला तर ती चटणी टाकून द्या.